कुत्रा का खाजवतो? कारणं आणि घरचे उपाय

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात आपल्याच सोसायटीतील एका निवृत्त पशुवैद्यकांनी दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. भाषणानंतर विचारले गेलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे शेवटी दिली आहेत.)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, कुत्र्याची खाज. ते हसले. म्हणाले, "साहेब, पंचवीस वर्षं झाली सोसायटीला, जरा चांगला विषय घ्या." पण खरं सांगतो, गेल्या दोन-तीन महिन्यांत जिन्यात, गेटवर, किराणा दुकानात मला जितके लोक भेटले त्यातल्या निम्म्यांनी हाच विषय काढला. "कुत्रा रातभर खाजवते जी, झोपू नाही देत." कोणी म्हणालं, सोफ्यावर केस, कोणी म्हणालं, लेकराच्या हातावर पुरळ आलं. आणि एक अर्जही कार्यकारिणीकडे आलेला आहे, तो तुम्हाला ठाऊक आहे. पंपघराजवळ झोपणाऱ्या लाल्याच्या अंगावरचे केस गेले, त्याला लूत लागली, तर त्याला पोत्यात घालून वैनगंगेच्या पलीकडे सोडून द्या, असं त्यात लिहिलं आहे. आपल्या भाषेत 'लूत भरलेलं कुत्रं' ही शिवीच आहे. त्यामुळे अर्जावर सह्या करणाऱ्यांना मी दोष देत नाही. लाल्याबद्दल मी शेवटी बोलतो, कारण त्याच्या खाजेचा आणि तुमच्या घरातल्या कुत्र्याच्या खाजेचा संबंध आहे.

ताप म्हणजे जसा एक आजार नव्हे, तशीच खाज. दहा वेगवेगळ्या कारणांनी कुत्रा खाजवतो आणि दहांचा उपाय वेगळा असतो. आपल्याकडे मात्र उलटं चालतं. शेजारच्याने सांगितलेला उपाय आधी होतो, कारण नंतर शोधलं जातं. थोडंफार सगळेच कुत्रे खाजवतात, ते सोडून द्या. पण झोपेतून उठून खाजवणं, खाता-खाता थांबून खाजवणं, एकच जागा चाटून चाटून ओली करणं, केस जाणं, वास येणं, यातलं काही दिसलं तर ते साधं नाही.

कुत्रा बोलत नाही, पण खाज कुठे सुटते ते नीट पाहिलं तर अर्धं निदान घरीच होतं. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर आणि मागच्या मांड्यांवर तो चावत असेल तर पहिला संशय पिसवांवर. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे सांधे आणि पोट यांवरचे केस जाऊन खपल्या धरल्या असतील तर खरूज. पंजे चाटतो, तोंड सतरंजीला घासतो, कान पुन्हा पुन्हा बिघडतात, काखा लाल होतात, तर बहुधा ऍलर्जी. कानाच्या आत, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यात बोट फिरवलं की हाताला मसूर-वाटाण्यासारखं काही लागलं, तर तो गोचीड. हे पक्कं निदान नव्हे, पण डॉक्टरकडे गेल्यावर 'सगळीकडेच खाजवतो' म्हणण्यापेक्षा एवढं सांगितलंत तर त्यांचंही काम सोपं होतं.

पिसवांची एक सोपी परीक्षा आहे. कुत्र्याला पांढऱ्या कपड्यावर उभं करा आणि कमरेवरचे केस उलट्या दिशेने कंगव्याने विंचरा. काळी पूड पडली तर ती ओल्या कापसावर घ्या. माती असेल तर काळीच राहील. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू दिसलीच पाहिजे असं नाही. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचीच ऍलर्जी असते. अंगावर चार पिसवा असल्या तरी कमर सोलून काढतात. आणि मालक म्हणतो, "साहेब, आमच्याकडे पिसवा नाहीत, मी रोज पाहतो." कुत्रा चावून चावून त्या गिळून टाकतो, मग दिसणार कशा? पिसू पोटात गेली की तिच्यातून पट्टकृमीही जातो. कुत्र्याच्या विष्ठेत किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर तो हाच. आपण धानाच्या मुलखातले लोक, दाणा लगेच ओळखतो. पण अनेकांना वाटतं, सकाळचा भात पचला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ही नीट ऐका. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पिसवांचा फार छोटा हिस्सा असतो. अंडी गुळगुळीत असतात, ती अंगावरून गळून गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत पडतात. अळ्या तिथेच वाढतात. मग कोश. कोशातली पिसू महिनोन्‌महिने तशीच थांबू शकते, आणि कोणाच्या चालण्याचा हादरा, अंगाची ऊब जाणवली की बाहेर येते. बंद राहिलेला फ्लॅट दिवाळीला उघडला आणि पहिल्याच रात्री सगळ्यांच्या पायांना चावे आले, त्यामागे हेच असतं. म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावून पिसवा जात नाहीत.

गोचिडाचंही तेच. आपल्याकडच्या कुत्र्यांवर मुख्यतः तपकिरी गोचीड आढळतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी अंगावरून खाली उतरते, भिंत चढते आणि प्लास्टरच्या भेगेत, चौकटीच्या मागे, मीटरच्या पेटीखाली अंडी घालते. एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. ती भिंत कोणत्या फ्लॅटची आहे हे ती पाहत नाही. पहिल्या मजल्यावरच्या घरात औषध फवारलं आणि जिन्यातल्या भेगा तशाच राहिल्या, तर तीन आठवड्यांत पुन्हा तेच. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली आहे, पार्किंगच्या खांबांवरचं प्लास्टर कुठे कुठे सुटलं आहे. तिथे टॉर्च मारून पाहा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

गोचीड नुसती खाज देऊन थांबत नाही. एर्लिकिया आणि बबेसिया नावाचे रक्तातले आजार तो पसरवतो. कुत्र्याला ताप आहे, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली, तर घरगुती उपायांचा विषय तिथेच संपला. त्याच दिवशी दवाखाना.

गोचीड काढायची पद्धत सांगतो. चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत, तोंडाजवळ पकडायचा आणि सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायचा. नखाने चिरडायचा नाही. पेटती काडी टेकवायची नाही, रॉकेलचा थेंब टाकायचा नाही. काही लोक मोठ्या कौशल्याने उदबत्तीचं टोक लावतात. त्यात कुत्र्याची कातडी जळते आणि गोचीड घाबरून पोटातलं उलट जखमेत सोडतो.

खरूज म्हणजे लूत. यात दोन किडे आहेत, दोन्ही इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत, आणि दोघांची गल्लत केल्याने फार घोटाळे होतात. पहिला सार्कोप्टिस. हा त्वचेत बोगदे करतो आणि याची खाज असह्य असते. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागतो, ही त्याची जुनी खूण. हा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो. माणसाच्या अंगावरही थोड्या दिवसांसाठी येतो. हाताच्या आतल्या बाजूला, पोटावर लाल पुरळ येतं. पण माणसाच्या कातडीत त्याची पुढची पिढी तयार होत नाही, त्यामुळे कुत्र्याचा इलाज झाला की माणसाचं पुरळ बहुधा काही आठवड्यांत जातं. तरी लेकराच्या अंगावर आलं असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात कुत्रा आहे हे त्यांना सांगा.

दुसरा डेमोडेक्स. हा थोड्या संख्येने जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी असतोच. पिलू आईला बिलगून दूध पितं तेव्हाच तो येतो. पिलाची प्रतिकारशक्ती कमी पडली की डोळ्याभोवती, ओठांजवळ, पुढच्या पायावर केस जाऊन गोल टक्कल पडतं. खाज बहुधा कमी असते, आणि तो माणसाला होत नाही. गंमत इथे आहे. पिलाला असे एक-दोनच चट्टे असतील तर बहुतेक वेळा ते वाढत्या वयात आपोआप भरून येतात. त्या काळात तुम्ही जे काही लावलं असेल त्याला श्रेय मिळतं. कोणी जळकं ऑइल लावलेलं असतं, कोणी ताक, कोणी गंधक. केस आले की तो माणूस आयुष्यभर सगळ्यांना तेच सांगत फिरतो. गावोगावच्या हमखास उपायांपैकी कितीतरी असे जन्माला आले आहेत. मोठ्या कुत्र्याला मात्र हाच आजार सगळ्या अंगावर झाला तर तो गंभीर असतो, आणि आत दुसरा काही आजार आहे का हे पाहावं लागतं.

बुरशीही असते. एक नायट्याची, गोल चट्टा पडतो आणि तो घरातल्या मुलांना होऊ शकतो. दुसरी यीस्टची, अंग तेलकट, कुबट वास, कानातून तपकिरी मळ. ही दुसरी आपल्या पावसाळ्याची देणगी. रोवणीच्या दिवसांपासून थेट सप्टेंबरपर्यंत हवेतली ओल जात नाही, कुत्रा भिजून येतो, तसाच पोत्यावर झोपतो, आणि लॅब्रॉडोर किंवा जर्मन शेफर्डसारख्या दाट केसांच्या कुत्र्याचा आतला थर दोन-दोन दिवस वाळत नाही. मग कधी एका रात्रीत गालावर किंवा मांडीवर तळहाताएवढी लाल, ओली, चिकट जखम तयार होते. लोकांना वाटतं कोणी गरम पाणी टाकलं. बहुधा कुत्र्यानेच ओलाव्यात खाजवून आणि चाटून ती केलेली असते.

ऍलर्जीवर तासभर बोलता येईल, पण थोडक्यात सांगतो. धूळ, परागकण, घरातले सूक्ष्म किडे यांची ऍलर्जी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते आणि आयुष्यभर सांभाळावी लागते. ती बरी होत नाही, आटोक्यात राहते. आपल्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजलं आहे. माणसाच्या कातडीला ते काय करतं हे आपल्याला माहीत आहे. कुत्र्याचं पोट तर उघडंच असतं आणि तो त्यातूनच लोळत येतो. फिरवून आणल्यावर चारही पाय आणि पोट साध्या पाण्याने धुऊन पुसले, एवढ्यानेही काही कुत्र्यांची खाज निम्मी होते. खाण्याची ऍलर्जी त्यामानाने कमी, आणि ती बहुधा चिकन, दूध, गहू अशा रोजच्या पदार्थांची असते. ती ओळखायची तर आठ आठवडे एकच ठरलेला, पूर्वी कधी न खाल्लेला आहार द्यावा लागतो. आणि आजी हळूच बिस्किट देत असेल तर सगळी मेहनत वाया. आजींची माफी मागून सांगतो.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न म्हणजे दूध-भात. आपल्या जिल्ह्यात माणूस भात खातो म्हणून कुत्राही भातच खातो. भात वाईट नाही, पण नुसत्या भातावर कुत्र्याच्या कातडीला लागणारं प्रथिन आणि स्निग्ध पदार्थ मिळत नाहीत. केस निस्तेज होतात, कोंडा पडतो, जखमा लवकर भरत नाहीत. रोज उकडलेलं अंडं, थोडं चिकन किंवा मासे काटे काढून घाला. तळ्यांच्या जिल्ह्यात मासे महाग नाहीत. कांदा-लसूण मात्र कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे, म्हणून आपल्या भाजीचा रस्सा त्याच्या भातावर ओतू नका.

आता घरचे उपाय. मी घरगुती उपायांच्या विरोधात नाही. खेड्यात नोकरी झाली, तिथे औषध पोचायच्या आधी उपाय पोचलेला असायचा. पण घरचा उपाय काय करू शकतो? तो खाज शांत करतो, कातडी स्वच्छ ठेवतो, घरातले किडे कमी करतो. खरजेचा किडा मारणं किंवा गोचिडाच्या तापावर इलाज करणं त्याच्या आवाक्यात नाही.

आंघोळ हा पहिला उपाय. पाणी थंड किंवा अगदी कोमट. गरम पाण्याने खाज वाढते. कुत्र्यासाठीच बनवलेला साधा शाम्पू. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिची आम्लता वेगळी, म्हणून आपला साबण, कपड्यांचा साबण, जंतुनाशकाचं पाणी नको. औषधी शाम्पू दिला असेल तर फेस करून दहा मिनिटं घड्याळ लावून ठेवायचा. लोक दोन मिनिटांत धुतात आणि मग म्हणतात, उपयोग नाही. धुतल्यावर पूर्ण कोरडं करणं आंघोळीपेक्षा महत्त्वाचं. पावसाळ्यात पंख्याखाली बसवा, जुना टॉवेल त्याच्या नावाचा ठेवा. नुसती खाज आहे, जखम नाही, तर ओट्सची बारीक पूड पाण्यात कालवून त्या पाण्याने अंग भिजवा, दहा मिनिटांनी धुऊन टाका. कोरड्या खाजेला चांगला आराम पडतो.

कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी शेवटी अंगावरून ओतायला हरकत नाही. स्वस्त आहे, अंगणात आहे, कातडीला सौम्य आहे. त्याने खरूज जात नाही एवढं लक्षात ठेवा. ते पाजू नका, निंबाचं तेल थेट लावू नका. खोबरेल कोरड्या भेगाळलेल्या जागेवर बोटभर लावा. ओल्या, पिवळ्या जखमेवर नको. हळद लावली तर कातडीपेक्षा तुमची भिंत आणि चादर जास्त पिवळी होईल, पण छोट्या ओरखड्यावर नुकसान नाही.

ओल्या लाल जखमेसाठी अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात एक सपाट चमचा मीठ घाला. आजूबाजूचे केस कात्रीने जपून कमी करा, त्या पाण्यात स्वच्छ कापड भिजवून पाच मिनिटं जागेवर धरा, मग टिपून कोरडं करा. दिवसात तीनदा. आणि कुत्र्याला चाटू देऊ नका. गळ्यात घालायची प्लॅस्टिकची कॉलर मिळते. तोपर्यंत लेकरांचा जुना सुती टी-शर्ट घाला. दोन दिवसांत जखम सुकली नाही, पसरली, किंवा आत अळ्या दिसल्या तर दवाखान्यात न्या. अळ्यांवर फिनाईल, पेट्रोल ओतू नका.

घराची साफसफाई हा खरं तर सर्वात जोरकस घरगुती उपाय, पण त्यात काही लावायचं नसल्याने तो कोणाला आवडत नाही. कुत्र्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. आपल्या मे महिन्याच्या उन्हाचा निदान एवढा तरी उपयोग करून घ्या. पोतं आणि तणीस अंथरत असाल तर दर आठवड्याला बदला. सोफ्याच्या सांद्या, पलंगाखालची फरशी झाडून कचरा लगेच बाहेर. भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवा.

आता जे करू नका ते. इथे मी जरा कठोर बोलणार आहे.

जळकं इंजिन ऑइल. दुचाकीच्या गॅरेजमधून डबा आणायचा आणि कुत्र्याला शेपटीपर्यंत काळा करायचा, हा आपल्याकडे सर्रास उपाय आहे. त्यात जड धातू आणि जळलेली रसायनं असतात. कातडीतून शोषलं जातं, शिवाय कुत्रा चाटतो; यकृत, मूत्रपिंड जातं. उन्हात कातडी भाजते. रॉकेलचंही तसंच. कापूर घातलेलं खोबरेल निरुपद्रवी वाटतं, कारण ते आपण डोक्याला लावतो. पण कापूर कुत्र्याच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरं, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. कुत्र्याच्याही आणि लावणाऱ्याच्याही. तंबाखूचं पाणी: आपला भाग तेंदूपत्त्याचा आणि विडीचा, घरात तंबाखू सापडतोच. निकोटीन विष आहे. जखमी कातडीतून ते झटकन आत जातं, आणि लहान कुत्रा त्याने दगावू शकतो.

गोठ्यातली औषधं वेगळीच भानगड. बैलांच्या गोचिडांसाठी असलेलं औषध न मोजता बादलीत ओतून कुत्र्याला घालतात. आयव्हरमेक्टिन तर कुठेही मिळतं. योग्य प्रमाणात ते उपयोगी औषध आहे. पण कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या काही कुत्र्यांत असा जनुकीय दोष असतो की ते मेंदूत साचतं, कुत्रा आंधळ्यासारखा चालतो, कोसळतो. आणि गायीचा डोस कुत्र्याला 'अंदाजाने' दिला तर कोणत्याही जातीत धोका.

मेडिकलमधून आणलेली खाजेची ट्यूब हा शिकलेल्या घरातला उपाय. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, सगळे खूश. आत किडा किंवा बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. तापाच्या, दुखण्याच्या आपल्या गोळ्याही कुत्र्याला स्वतःहून देऊ नका.

मग डॉक्टरांकडे काय होतं? ब्लेडने कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पाच मिनिटांचं काम, खर्च थोडा. आपल्या जिल्ह्याच्या पशुसर्वचिकित्सालयात न्या. अवघड केस असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय साठ-पासष्ट किलोमीटरवर, सेमिनरी हिल्सला आहे. १९५८ पासूनचं हे कॉलेज; तिथे सकाळी लवकर पोचलात तर बरं. आता महिनाभर किंवा तीन महिने चालणाऱ्या चघळायच्या गोळ्या आल्या आहेत. एका गोळीने गोचीड, पिसवा आणि खरजेचे किडे तिन्ही मरतात. माझ्या नोकरीच्या काळात त्या असत्या तर किती कुत्र्यांची कातडी वाचली असती. कुत्र्याला झटके येत असतील तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

आता लाल्या. मी त्याला जवळून पाहिलं आहे. कानाच्या कडा, कोपरं, पोट. माझ्या मते सार्कोप्टिस. म्हणजे अर्ज करणाऱ्यांची भीती अगदीच खोटी नाही, ही लागण पसरते. पण नदीपलीकडे सोडून ती थांबणार नाही. ज्यांची कुत्री खाली फिरतात त्यांच्याकडे ती आधीच पोचली असेल, आणि रिकामी जागा दुसरा, बिनलसीचा कुत्रा आठ दिवसांत धरेल. शिवाय ते कायद्यात बसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा जिथून नेला तिथेच सोडायचा असतो. अंगावर उकळतं पाणी फेकणं तर १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे; हे मी कोणाला उद्देशून बोलत नाही, पण दोनदा तसं झालं आहे.

मी कार्यकारिणीला लेखी सुचवलं आहे. सोसायटीत आज घरातली नऊ कुत्री आहेत आणि खाली दोन. सगळ्या अकरा कुत्र्यांना एकाच रविवारी औषध द्यायचं आणि डॉक्टर सांगतील तसं ते तीन महिने चालू ठेवायचं. ज्या दिवशी औषध, त्याच दिवशी पार्किंग आणि जिन्यातल्या भेगांत फवारणी, आणि नंतर त्या बुजवायच्या. लाल्याला धरायची गरज नाही, गोळी चिकनच्या तुकड्यात जाईल. खालच्या दोन कुत्र्यांचा खर्च वर्गणीतून. एकाने केलं आणि आठांनी नाही, तर पैसे पाण्यात.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्याकडे कुत्रा नाही. आम्ही वर्गणी का द्यायची?
उत्तर : सक्ती कोणीच करत नाही. पण पिसवांना तुमच्याकडे कुत्रा नाही हे कळत नाही, त्या माणसालाही चावतात. पाण्याच्या टाकीची साफसफाई जशी सगळ्यांची, तशी जिन्यातली फवारणी. भेगा बुजवायचं काम तर इमारतीसाठी करायचंच आहे.

प्रश्न : पूर्ण टक्कल केलं तर खाज कमी होते का? आम्ही दर उन्हाळ्यात करतो.
उत्तर : नका करू. आपल्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात केसच त्याचं छत्र आहेत. पोटाकडचे थोडे कमी करा, रोज विंचरा. औषध लावायला केस कमी करायचे असतील तर डॉक्टर सांगतील.

प्रश्न : माझी सून म्हणते रोज आंघोळ घाला, मी म्हणते महिन्यातून एकदा. कोण बरोबर?
उत्तर : माय, या वादात मला ओढू नका. निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे. रोज घातली तर कातडीचं तेल जाऊन उलट खाज सुटते. रोज विंचरायचं काम सुनेला द्या.

प्रश्न : हेच औषध मांजराला चालेल का?
उत्तर : अजिबात नाही. कुत्र्याच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला जीवघेणं आहे. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याच्या मानेवर लावलेलं औषध वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका, आणि मांजराचं औषध वेगळं लिहून घ्या.

प्रश्न (चौथीतल्या एका विद्यार्थिनीचा) : लाल्याला हात लावला तर चालेल का?
उत्तर : आत्ता नको, बेटा. त्याला दुखतं, आणि दुखत असताना कोणी हात लावला तर चांगला कुत्राही चावतो. चावलाच तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली धुवायचं आणि लगेच आईला सांगायचं, लपवायचं नाही. त्याला गोळी सुरू झाल्यावर महिन्याभराने मी बघेन आणि तुला सांगेन. तोपर्यंत तू त्याच्या पाण्याचं भांडं रोज भरून ठेवायचं काम घे. पंपघराच्या मागे, सावलीत ठेव. उन्हात ठेवलंस तर दुपारपर्यंत त्याचा चहा होतो.